थंड व कोरड्या जागी ठेवावे

परवा भर दुपारी माझ्या फोनला ऊन लागलं.

मला लागलं नव्हतं, हे आधीच सांगतो. म्हातारा माणूस, साखरेचा त्रास, डोक्यावर केसांचं छप्पर नाही, तरी सांगलीच्या गच्चीवर कुरडयांची राखण करत मी ठणठणीत बसलो होतो. कावळे हाकलत होतो. कावळेही ठणठणीत होते. अंग टाकलं ते एकट्या फोननं. पडद्यावर एक त्रिकोण उगवला आणि त्याखाली निरोप आला, की यंत्र फार तापलं आहे, गार झाल्याशिवाय ते काम करणार नाही. बास. मांडवात मान मिळाला नाही म्हणून पानावरून उठलेल्या व्याह्यासारखा काळाठिक्कर चेहरा करून तो पडून राहिला.

माझं डोकं फिरलं. अरे, तुला सांगलीत विकायला आणलं तेव्हा इथं वैशाख येतो हे कुणी सांगितलं नव्हतं? तो काय यंदाच सुरू झाला? आमच्या खापरपणजोबांच्या आधीपासून येतोय.

मग मी जे केलं ते माझ्या एकंदर लौकिकाला धरूनच केलं. फोन फ्रिजमध्ये ठेवला. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. थोड्या वेळानं सूनबाई दूध काढायला गेल्या आणि नेमका त्याच वेळी तो गार होऊन शुद्धीवर आला आणि कोथिंबिरीतून वाजला. दूध वाचलं, पातेलं वाचलं, मी वाचलो नाही. बाहेर काढला तर काचेच्या आतल्या बाजूला दव. दुकानात नेला. तिथला पोरगा सोशिक होता. म्हणाला, "काका, यात लिथियमची बॅटरी असते. तिला फार गरम चालत नाही. आणि असं एकदम गारही चालत नाही."

"मग चालतं कुठं?" मी ओरडलो. "दुकानात?"

आणि ओरडल्यावर मीच दचकलो. कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते हौसामावशीचं होतं, आणि ती ते बोलली त्याला आता पन्नासच्या आसपास वर्षं झाली असतील.

तो बेदाण्याचा हंगाम होता. सत्तरच्या दशकातला. नेमकं साल सांगत नाही, कारण त्या साली मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात गचकलो होतो आणि हे लिखाण नातवंडांच्या हाती पडण्याचा संभव आहे. वडिलांची सांगलीत अडत होती. घरात बसून हे कार्टं पंख्याची वीज खाणार, त्यापेक्षा तासगावकडं शेडवर जाऊन माल तरी राखील, असा विचार करून त्यांनी मला सुभेदार तात्यांच्या मळ्यावर धाडलं. तात्या मूळचे साताऱ्याचे. पलटणीत हयात घालवून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि सासुरवाडीच्या गावाला, तासगावात, द्राक्षबाग धरून बसले. हौसामावशी ही त्यांची मंडळी.

त्या हंगामाचा वास अजून माझ्या नाकात आहे. पिकलेल्या द्राक्षांचा गोड, किंचित आंबूस वास. औषधाच्या पाण्याचा तेलकट वास. धुरी दिली की गंधकाचा, घशात खरखरणारा. घड त्या पाण्यात बुडवून बायका शेडात ताणलेल्या जाळ्यांवर पसरत. वर पत्रा, बाजूंना बारदानाचे पडदे. दुपारी पत्रा तडतडायचा, कढईत कुणी मोहरी टाकल्यासारखा. आणि त्या तापल्या पत्र्याखाली मात्र सावली असायची, वारा असायचा, गांधीलमाश्या संथ लयीत फिरत असायच्या आणि हिरवी द्राक्षं दिवसादिवसानं सुरकुतत सोनेरी होत जायची. मी पहिल्याच दिवशी तात्यांना शहाणपणा शिकवायला गेलो होतो. म्हटलं, एवढं ऊन बाहेर फुकट चाललंय, घड सरळ उन्हात का पसरत नाही? लवकर वाळतील.

तात्यांनी मिशी चाचपली. "आवं, द्राक्षाला वारा पायजे, ऊन न्हाई. उन्हात घातलं का काळं पडतंय. बाजारात कोण हुंगणार न्हाई."

हे मला सांगितलं गेलं होतं. स्वच्छ मराठीत. रोज डोळ्यांनी दिसतही होतं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझ्या बुद्धीची खोली तुम्हांला नीट मोजता येईल.

माझ्याकडं एक ट्रान्झिस्टर होता. तपकिरी चामड्याचं कव्हर, पुढं भोकं, खांद्याला अडकवायला पट्टा. मी पास होणारच, या भरवशावर वडिलांनी बक्षीस आगाऊ देऊन टाकलेलं होतं. निकालानंतर ते परत मागणं त्यांच्या सभ्यतेत बसलं नाही. मळ्यावर वीज नव्हती, त्यामुळे त्या डबड्याला राजदंडाची कळा आली. दिवसा बायका गाणी ऐकत घड पसरायच्या, तात्या बातम्या ऐकत आणि प्रत्येक बातमीला वरच्या अधिकाऱ्यासारखं "हं" म्हणत. आणि रविवारी दुपारी मावशी ऐकायची.

मावशीचा एकुलता मुलगा आनंदा लडाखात होता. हिवाळ्यात खिंड बर्फानं बंद झाली ती बंदच, आणि तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं. बर्फ कोसळून कुठली चौकी गाडली गेली, अशी एक उडती बातमी बाजारात कुणीतरी सांगितली होती. तात्या म्हणायचे, "बरफ रोज पडतंय तिकडं, म्हणून रोज माणसं मरत न्हाईत." पण हे ते मावशीकडं न बघता म्हणायचे. मग शेजारच्या गावचा एक जवान रजेवर आला. त्यानं सांगितलं, की खिंड बंद व्हायच्या आधी आनंदानं रेडिओला फर्माइश पाठवलीय, आईसाठी. फौजी भावांच्या फर्माइशींचा कार्यक्रम रविवारी दुपारी लागतो, त्यात आज ना उद्या त्याचं नाव येणार.

आता नाव आलं म्हणजे पोरगा सुखरूप आहे, असं काही होत नाही, हे तुम्हांला कळतं, मलाही कळत होतं. फर्माइश महिन्यांपूर्वीची. पण मावशीला हे सांगणार कोण? तिला त्याचं नाव ऐकायचं होतं. एवढ्या लांबून, परक्या माणसाच्या तोंडून, जगाला ऐकू जाईल असं. त्या उन्हाळ्यात तिच्याकडं धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं.

रविवारी ती लवकर कामं आवरी. धुतलेलं लुगडं नेसे, केसांना तेलपाणी करी, आणि शेडाच्या कडेला पाटी उपडी घालून तिच्यावर ट्रान्झिस्टर मांडी. समोर मांडी घालून बसे. हिंदी तिला कळत नव्हतं. निवेदक सैनिकांची नावं वाचत जाई आणि ती प्रत्येक नावाला मान हलवी. हा न्हवं. हा बी न्हवं. हा कुणाचा हाय बाबा, बरा असू दे. गाणं सुरू झालं की ती पदरानं तोंड पुसायला मोकळी.

सेल हा त्या हंगामातला रडगाण्याचा विषय होता. दिवसभर लावल्यावर आवाज बसत चालला. तासगावच्या दुकानात सेल संपलेले, सांगलीहून येईपर्यंत वाट बघायची. आणि मग ती आपल्याकडची परंपरागत पद्धत. तुमच्या घरीही असेल. हातबॅटरीचे सेल उतरले की ते काढून कुंपणाच्या भिंतीवर उन्हात मांडायचे, पापडांसारखे. संध्याकाळी बॅटरी पुन्हा थोडी उजळायची. कुणी शिकवलं हे? कुणीच नाही. सगळ्या देशाला आपोआप येतं.

एका दुपारी मी ते मांडत असताना तात्या म्हणाले, "बराबर हाय तुमचं. लडाखात आमी त्येच करायचो. थंडीनं सेल मरतंय. वायरलेस गप, बॅटरी गप. मग सेल काढायचं आन् काखंत घालायचं. कोटाच्या आत. अंगाची ऊब लागली का जित्तं व्हतंय पुन्यांदा. रातच्याला निजताना सेल पोटाशी धरून निजायचो, लेकरासारखं."

झालं. माझ्या डोक्यात विज्ञानाची वीज चमकली. थंडीनं सेल मरतो, उबेनं जगतो. म्हणजे ऊब ही सेलाचं टॉनिक. मग काखेतल्या उबेनं जर जगतो, तर तासगावच्या वैशाखातल्या पत्र्यावर तो पैलवानच व्हायला हवा! आणि उतरलेलाच का घालायचा? नवा कोरा सेल आधीपासून तापवून ठेवला तर तो किती दणकट होईल! याला रसायनशास्त्रात काय म्हणतात ते मी मावशीसमोर इंग्रजीत सांगितलं. मी ज्या विषयात नापास झालो होतो त्यात माझा आत्मविश्वास दांडगा होता. तात्यांनी मान डोलावली. "व्हय की. पटण्यासारखं हाय." एक हिमालयातला अनुभव आणि एक नापासाची बुद्धी, दोघांनी तासगावात हातमिळवणी केली. सांगलीहून आणवलेले नवे सेल मी शिडी लावून शेडाच्या पत्र्यावर नेऊन ठेवले. खाली पत्र्याच्या सावलीत द्राक्षं, वर पत्र्याच्या माथ्यावर सेल. रोज सकाळी उन्हात, रोज संध्याकाळी खाली. लोणच्याची बरणी कुणी इतक्या निगुतीनं सांभाळली नसेल.

आणि दुष्टपणा असा, की सुरुवातीला ते लागू पडलं. पहिल्या रविवारी तापलेले जुने सेल घातले तर आवाज असा खणखणीत आला, की बांधावरचा गडी काम सोडून आला. मावशीनं मला ताटात वाढीव तूप घातलं. तात्या येईल-जाईल त्याला सांगू लागले, "पोरगं शिकल्यालं हाय." त्या एका वाक्यानं मी इतका फुगलो, की पुढच्या आठवड्यात मी मळ्यावरच्या झाडून सगळ्या बॅटऱ्यांचे सेल पत्र्यावर चढवले.

उन्हाचा हा स्वभाव मला पुढं फार वर्षांनी कळला. ते आधी देतं. हातात भरभरून देतं, आणि मागच्या दारानं मुद्दल घेऊन जातं.

तो रविवार आला. वारा पडलेला. पत्र्यावर हात टेकवत नव्हता, मी फडक्यात धरून सेल उतरवले. फडकं चिकट झालं. सेलांच्या बुडातून काकवीसारखं काहीतरी तपकिरी पाझरलं होतं. एकाचं बूड फुगलेलं, एकाचं कागदी वेष्टण आकसून वर सरकलेलं, आखूड झालेल्या झबल्यासारखं. नव्या सेलांची तीच गत. मी ते पुसले, मावशीकडं पाठ करून ट्रान्झिस्टरमध्ये घातले आणि बटण फिरवलं.

लागला. एवढं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. निवेदकाचा आवाज आला, लडाख हा शब्द स्पष्ट आला, मावशी पुढं सरकली. मग तो आवाज खाली खाली जाऊ लागला. विहिरीत उतरत जाणारा माणूस वर बघून बोलतोय आणि आपल्याला शब्द कळेनासे झालेत, तसा. मग नुसती खरखर. मग तीही नाही. शेडात गांधीलमाश्यांचा आवाज तेवढा उरला.

"लाव की," मावशी म्हणाली.

मी बटण पिळलं. थाप मारली. पट्टा धरून हलवला. कानाशी धरला. या यंत्रावरचे जेवढे उपचार माहीत होते तेवढे सगळे केले.

"आरं लाव की रं बाबा!"

तेव्हा तात्या उठले. त्यांनी ट्रान्झिस्टर माझ्या हातातून घेतला, झाकण उघडलं, सेल काढले, आणि सदऱ्याच्या आत हात घालून ते काखेत धरले. वैशाखात. पत्र्यावरून नुकते उतरवलेले, हाताला चटका देणारे सेल. दंड अंगाशी घट्ट आवळून, डोळे मिटून उभे राहिले. त्यांना काय करतोय हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण अशा वेळी करायची एकच गोष्ट त्या माणसाला माहीत होती, ती त्यांनी केली. तपकिरी पाणी सदऱ्यातून झिरपत खाली आलं. कातडी लाल झाली. पुढं कितीतरी दिवस ते डावा हात अंगापासून लांब धरून चालत होते.

शेजारच्या वस्तीवर एका घरी रेडिओ होता, मी तिकडं पळालो. त्या घराला कुलूप, माणसं लग्नाला गेलेली. परत आलो तेव्हा कार्यक्रमाची वेळ टळून गेली होती. मावशी उपड्या पाटीसमोर तशीच बसलेली. एक पाझरलेला सेल तिनं हातात घेतला होता आणि ती त्याच्याशी बोलत होती, माझ्याशी नाही.

"बरफात चालत न्हाईत. उन्हात चालत न्हाईत. मग चालत्यात कुटं? दुकानात?"

मी ते सेल फडक्यात बांधून सांगलीच्या दुकानदाराकडं गेलो. तिथं योगायोगानं कंपनीचा विक्रेताच बसला होता, टाय लावून, टेबलपंख्यासमोर. त्यानं एकही सेल हातात न घेता विचारलं, "उन्हात ठेवले होते?" मी म्हटलं, शास्त्रीय कारणासाठी ठेवले होते. त्यानं नव्या सेलाची बाजू माझ्यापुढं केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. थंड व कोरड्या जागी ठेवावे.

"तासगावात, वैशाखात, थंड जागा दाखवा," मी म्हणालो. "सेल राहू द्या, मी स्वतः जाऊन बसतो."

"तो आमचा प्रश्न नाही."

पत्र्यावर सेल भाजायला त्यानं मला सांगितलं नव्हतं, हे कबूल. भाजणारा गाढव मीच. पण साहेब, तुमच्या भिंतीवर जे रंगीत चित्र टांगलंय त्यात बर्फाचे डोंगर आहेत, वाळवंटातला उंट आहे, आणि मधोमध तुमचा सेल सूर्यासारखा तळपतोय. चित्रात सगळा हिंदुस्थान आणि अटीत फक्त तुमच्या टेबलपंख्यापुढची हातभर जागा? मग चित्रात पंखाच काढायचा होता! हे मी त्याला बोललो नाही. हे मला परतीच्या एस.टी.त सुचलं. माझी सगळी उत्तम भाषणं परतीच्या एस.टी.त झालेली आहेत.

शेडावर पोचलो तर मावशी पिशवी भरून तयार. "साताऱ्याला जायचं," म्हणाली. तात्यांच्या पलटणीतले पेन्शनर साताऱ्यात स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात रोज जमतात आणि दर रविवारी तोच कार्यक्रम ऐकतात, हे तिला माहीत होतं. त्यांतल्या कुणीतरी नाव ऐकलंच असणार. तात्यांना शेड सोडता येत नव्हतं, जाळ्यांवर माल होता आणि हात भाजलेला. मावशी माझ्याकडं वळली. "तू चल. तूच पत्र्यावर चढलास न्हवं? आता गाडीत चढ."

प्रवासभर ती पिशवी मांडीवर धरून बसली होती. कऱ्हाडला मी तिला उसाचा रस दिला, तो तिनं घेतला आणि खिडकीतून बाहेर बघत प्याली. अजिंक्यतारा दिसला तेव्हा एकदाच म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं आसंल. आमीच तेवढं न्हाई."

चहाच्या दुकानात म्हातारे शिपाई बसले होते. ताठ पाठी, पांढऱ्या मिश्या, बाकावर काठ्या. सुभेदारांची मंडळी आली म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले. खास चहा सांगितला. मावशीनं कपाला हात लावला नाही. "रविवारी रेडिओ ऐकलासा न्हवं?"

"ऐकला की वहिनी. चुकवतोय व्हय."

"लडाखातली नावं आली?"

"आली की! आन् गाणं तर लय झकास लागलं गड्या..." त्यांनी गाणं सांगितलं. दुसऱ्यानं त्याचं धृपद म्हणून दाखवलं. तिसऱ्यानं त्याला थांबवून शब्द दुरुस्त केले. दोघांची त्यावरून जुंपली.

"नाव," मावशी म्हणाली. "नाव कुणाचं घेतलं?"

तेव्हा ते एकमेकांकडं बघू लागले. एकानं छताकडं बघितलं. एक बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "आता वहिनी, नावं कोण ध्यान दिऊन ऐकतंय? नावं चाललेली आस्त्यात तवा आमी च्या सांगतो. गाणं सुरू झालं का गप व्हतो."

मावशी उठली. सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "माजं लेकरू म्हंजे तुमच्या गाण्याआदीची खरखर व्हय? तुमी सोता बरफात काडलं, तुमच्या बायकांनी हितं दारात काडलं, आन् तुमी च्या सांगताय?"

गिऱ्हाइकांनी कप खाली ठेवले. त्या माणसांनी लढाया बघितल्या होत्या, पण त्या दुपारी त्यांच्या माना खाली गेल्या त्या वर आल्या नाहीत. शेवटी कोपऱ्यातला एक चाचरत म्हणाला, "आनंदा... का आनंदराव, आसं कायतरी कानावर आलं व्हतं बगा. पर खात्रीनं न्हाई सांगत."

"आनंदाच," मावशी म्हणाली, आणि पिशवी उचलली. आनंदरावाला तिनं स्टँडवरच सोडून दिलं.

मी तेव्हा त्या म्हाताऱ्यांवर चिडलो होतो. आज मोजक्या गोष्टींवर चिडायची ताकद उरली आहे, तर मी त्यांना वगळतो. माझा राग त्या बारीक अक्षरांवर आहे, कारण ती मेली नाहीत. मागच्या उन्हाळ्यात पुतण्यानं विजेवर चालणारी स्कूटर घेतली. रात्रभर चार्ज करून दिवसभर कचेरीबाहेर उन्हात उभी. वर्ष फिरायच्या आत ती निम्म्या वाटेत धापा टाकू लागली. मी त्याच्यासोबत सेवाकेंद्रात गेलो. काचेचं दार, आत माघ महिना. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेल्या एका तरुणानं समजावून सांगितलं, की थंडीत बॅटरी मंदावते, पण ऊब मिळाली की परत येते. गारठलेली असताना तेवढी चार्ज करू नये. उन्हाची गोष्ट वेगळी. उन्हात ती आधी जोरात चालते आणि आतून झिजत जाते, त्यातून ती काठोकाठ भरून उन्हात उभी केली तर अधिकच, आणि ही झीज भरून येत नाही. थोडक्यात, थंडीनं ती झोपते आणि उन्हानं मरते. बोलणं खरं होतं. एवढं खरं मला कुणी त्या वर्षी शिडीच्या पायथ्याशी सांगितलं असतं तर! मग तो म्हणाला, "सावलीत लावायची, सर. मॅन्युअलमध्ये दिलंय."

"आमच्या गावात सावली कुठं उरलीय? रस्ता रुंद करताना झाडं तोडली," मी म्हणालो.

"तो आमच्या हातात नाही, सर."

तोच माणूस. टाय गेला, पट्टा आला. ज्या हवेत कुणी राहत नाही त्या हवेसाठी वस्तू करायची, ज्या हवेत आम्ही जन्मलो ती हवा हाच आमचा गुन्हा ठरवायचा, आणि आम्ही आपले ओशाळून, फडक्यात बांधून, मेलेली बॅटरी घरी आणायची. मी विचारतो, उन्हात काम करणारा माणूस थंड व कोरड्या जागी ठेवावा, असं कुणी कधी कुठल्या खोक्यावर छापलंय? लडाखातल्या पोराच्या पाठीवर होतं का लिहिलेलं?

खिंड उघडली तशी आनंदाची पत्रं एकदम आली, पावसाच्या तोंडावर. तात्यांनी ती मोठ्यानं वाचली. मावशी रडली, हसली, बायकांना गूळ वाटला. मी सुटलो, असं मला वाटलं. पण नंतरही रविवारी दुपारी ती हातातलं काम टाकून क्षणभर उभी राहायची. पत्र हातात आलं होतं. नाव मात्र तिच्या कानांना चुकवून गेलं ते गेलंच होतं.

दसऱ्याला आनंदा रजेवर आला. रापलेला, ओठ फुटलेले, हसला की लहान पोर. मी सांगलीहून मुद्दाम भेटायला गेलो. शेड रिकामं होतं, जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या, पत्रा थंडगार. तात्यांनी माझी कर्तबगारी त्याला आधीच रंगवून सांगितलेली होती. सदरा वर करून व्रणसुद्धा दाखवून झाला होता. आनंदा हसून हसून लोळला.

"आई, तू कशाला वाईट वाटून घेतीस? मी तरी कुटं ऐकलं? त्या दिवशी वर चौकीवर आसं गारठलं, का आमचा ट्रान्झिस्टर गप. समद्यांनी एकेक सेल अंगाशी धरला. ऊब यीस्तोवर कार्यक्रम संपला. खालच्या तळावरच्या पोरांनी सांगितलं, का तुजं नाव आलं व्हतं म्हणून."

तात्यांचा हात आपसूक काखेकडं गेला. मी जमिनीकडं बघू लागलो. म्हणजे त्या रविवारी एकाच वेळी, तिकडं बापाच्या जुन्या डोंगरात पोरगा सेल छातीशी धरून बसला होता आणि इकडं तापल्या शेडात बाप सेल काखेत धरून उभा होता. मधल्या सगळ्या हिंदुस्थानात ते नाव घुमून गेलं. ज्यांचं होतं त्यांना सोडून.

मावशी हसली नाही. उठली, कोनाड्यातून माझा ट्रान्झिस्टर घेऊन आली. त्याच्या पोटातल्या पट्ट्या त्या पाझरानं खाऊन टाकल्या होत्या, म्हणून मी तो तिथंच सोडून गेलो होतो. तिनं तो पदरानं पुसला, पाटी उपडी घातली, तिच्यावर मांडला आणि समोर मांडी घालून बसली.

"ह्येच्या मागं हुबा ऱ्हा."

"काय गं आई..."

"हुबा ऱ्हा म्हणती न्हवं! आन् तो बाबा बोलतोय तसं बोल."

आनंदानं बापाकडं बघितलं. बापानं माझ्याकडं. मग तो उठला, सदरा खाली ओढला आणि पाटीमागं सावधान उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. मावशीनं हात पुढं करून बटण फिरवलं. टक् आवाज झाला.

"लद्दाख से... सिपाही आनंदा... जिल्हा सांगली... अपनी माताजी के लिए..."

तात्या खाकरले. मिशी चाचपत म्हणाले, "आरं, पर गाणं कंचं मागितलं व्हतंस?"

मावशीनं मागं न बघता हात वर केला.

"गाणं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाव परत घे."